चार हजारांची मुलगी

मुलगी वडिलांबरोबर मुलाच्या घरी आली होती. पोह्यांच्या बशा आत गेल्या आणि मुलाचे वडील अण्णासाहेब शिंगट्यांनी मुलीची विम्याची चिठ्ठी मागितली. पत्रिका आता कोणी बघत नसे. रक्ताचा थेंब, माणसाचं काम आणि राहतं घर तपासून विम्याचं यंत्र महिन्याचा हप्ता सांगायचं. मरण जितकं जवळ, तितका हप्ता जड, आणि यंत्र सहसा चुकत नसे.

मुलाचा हप्ता होता सहाशे. वैजयंतीचा निघाला चार हजार.

"पवनचक्क्या दुरुस्त करायला वर चढते ना, म्हणून," तिचे वडील ओशाळून म्हणाले.

"मग सोडू दे की नोकरी," अण्णासाहेब म्हणाले. "आमच्या घरात सुखात राहील. हप्ता आपोआप उतरेल."

वैजयंतीने वाद घातला नाही. "यंत्रालाच विचारू," म्हणत तिने टेबलावरचं यंत्र पुढ्यात ओढलं आणि सगळ्यांदेखत माहिती भरली: नोकरी नाही, घर शिंगट्यांचं, नातं सून.

आकडा उमटला. साडेसात हजार.

"बिघडलंय हे!" अण्णासाहेब गुरकावले.

"बिघडलेलं नाही," स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको म्हणाली. इतका वेळ तिने तोंड उघडलं नव्हतं. "लग्नानंतर माझाही असाच वाढला होता. तुम्ही चिठ्ठी फाडून टाकलीत."

वैजयंती उठली आणि वाकून फक्त त्या बाईंच्या पाया पडली.

"चला दादा," ती वडिलांना म्हणाली. "दुपारी मला वर चढायचंय. चार हजारच स्वस्त आहेत."