वार्डाबाहेर

"नाकात सापडला," अकोल्याहून आलेले डॉक्टर महादेवराव म्हणाले. "टाके पिकवतोय तो जंतू हाच. पेनिसिलिनला दाद देत नव्हता, आता स्ट्रेप्टोमायसिनही पचवायला लागलाय. हे जंतू ती विद्या एकमेकांना देतात, शंकर. एकाला आली की पुढे पसरत जाते."

"भिमाबाईच्या नाकात ना?" शंकररावांनी विचारलं.

"नाही. तिचं नाक स्वच्छ आहे. तुझ्या."

बाहेर धाड गावाला जाणारी एसटी थांबली आणि निघून गेली. दवाखाना शंकररावांचा, ऑपरेशनं त्यांची. रोज सकाळी खाटेवर वाकून एकेक जखम तेच बघत होते. रुक्मिणीबाईंची, कचरूची. पुंजाजी तर गेलाच. त्याचं तर हर्नियाचं साधं ऑपरेशन होतं.

टाके पिकायला लागले तेव्हा पेशंटच्या घरच्यांत कुजबुज सुरू झाली होती. "त्या बाईले खाटेजवळ काऊन येऊ देता, डॉक्टरसाहेब?" भिमाबाई बौद्धवाड्यातून यायची. दवाखाना उघडला तेव्हापासून पेशंटचं अंग पुसण्याचं काम तीच करत होती. शंकरराव त्या माणसांना काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी तिला मागच्या आवारात चादरी धुवायला लावलं. स्वच्छतेसाठी, एवढंच सांगितलं. तिनं काही विचारलं नाही, आणि तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं.

महादेवरावांची जीप गेल्यावर ते मागच्या दारानं बाहेर आले. चुलीवरच्या पिंपात चादरी उकळत होत्या. त्यांना पाहून भिमाबाई उठून उभी राहिली.

"उद्यापासून वार्डात ये," ते म्हणाले.

"काऊन, साहेब?"

आत माणसं कमी पडतायत, असं म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"तो रोग माझ्या नाकातून जात होता. तुझ्यात काही नव्हतं." मग चुलीकडे बघत ते म्हणाले, "पुंजाजीलाही माझ्याकडूनच लागला. आणि मी तुला बाहेर काढलं."

भिमाबाईनं काठीनं वर आलेली चादर पाण्यात दाबली. धुरानं तिचे डोळे लाल झाले होते.

"मंग आता तुमी?"

"मी आत जायचं नाही. नाक साफ होईपर्यंत. फार तर महिनाभर."

तिनं काठी पिंपाला टेकवली. हात पदराला पुसले.

"तुमाले महिना तरी सांगतला, साहेब," ती म्हणाली. "मले तं कवापर्यंत, ते कोणीच सांगतलं नोतं."