न मारलेली उडी

"कशाला वणवण करतेस? माझा प्रबंध घे, संदर्भ दे, मोकळी हो," म्हणत पीएच.डी.चे मार्गदर्शक खराडे सरांनी धुळीनं माखलेला ग्रंथ तेजश्रीपुढे आपटला. खो-खो खेळणाऱ्या मुलींच्या पायांतली ताकद हाच तिचाही विषय होता. तिनं ग्रंथालयं पालथी घातली होती, पण जिथं जावं तिथं एकाचं दुसऱ्यानं उतरवलेलं.

तिनं शेवटची पानं उघडली. तिच्याच शाळेचा, ती खेळायची तेव्हाचा संघ! पायांची ताकद तपासायला उडी मोजलेल्या मुलींत तिचं नाव होतं, आणि सगळ्यांत उंच उडीही तिचीच.

"सर, तुम्ही आमच्या शाळेत कधी आलातच नाही. आणि ज्या महिन्यात उडी मोजली म्हणता, तेव्हा माझा पाय प्लास्टरमध्ये होता."

सर दचकलेसुद्धा नाहीत. चहाचा घोट घेऊन हसले. "मग खूश हो की बाई! प्लास्टर घालून पहिली आलीस. आता हाच संदर्भ टाक, नाहीतर माझी सही विसर."

तिला शिसारी आली. असल्या उडीवर हा माणूस डॉक्टर झाला, विभागप्रमुख झाला, आणि त्याचंच उष्टं खाऊन आणखी चौघं.

तिनं प्रबंध त्यांच्याकडे ढकलला. "सही ठेवा तुमच्याकडेच. मी मैदानावर चालले, सर. तिथं पोरी खरंच उड्या मारतात."