अ‍ॅन्सेल प्रुइटचा उजवा हात

"हात बघितल्याशिवाय मी जाणार नाही," लायमन स्प्रॅग दारातच म्हणाला.

ड्रुसिला प्रुइटने त्याला नखशिखांत न्याहाळलं. आत बैठकीच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ शवपेटीत निजला होता. आणि दारात उभा होता तो वार्ताहर, ज्याने तीस वर्षं त्या भावाच्या नावावर चिखल उडवला होता.

"मेलेल्याचा तरी पिच्छा सोडा," ती म्हणाली.

"मला हौस नाही आलेली, बाई. समितीने पाठवलंय."

समिती जुन्या बेसबॉलवीरांसाठी दालन उभारत होती. तिथे मानाच्या जागी अ‍ॅन्सेलचं नाव सुचवलं गेलं होतं: हातमोजा न घालता खेळलेला शेवटचा मोठा कॅचर. फलंदाजाच्या मागे उभं राहून त्याने पिचरचे सणसणत येणारे चेंडू उघड्या हातांनी झेलले, असं गाव अभिमानाने सांगायचं. त्या काळी मोजा घालणाऱ्या कॅचरला प्रेक्षक बायक्या म्हणून हिणवत. म्हणून काही चलाख गडी कातडीच्या रंगाचा पातळ मोजा शिवून घेत. लांबून तो कुणाला दिसत नसे. अ‍ॅन्सेलही त्यांच्यातलाच, आणि मोजा त्याच्या बहिणीने शिवून दिला, असं स्प्रॅगने छापलं होतं. या गावात घरोघरी मोजेच शिवले जात. ड्रुसिला तर परकरी पोर असल्यापासून चामड्यात सुई खुपसत आलेली; जाड चामड्यात सुई रेटून बोटांची पार वाट लागायची.

त्या बातमीनंतर अ‍ॅन्सेल मोजे घातल्याशिवाय घराबाहेर पडला नाही. कुणी म्हणालं मानी आहे, कुणी म्हणालं लपवतोय.

उघड्या हाताने झेलणाऱ्याची बोटं मोडतात आणि वाकडी जुळतात. तेव्हा समितीने ठरवलं होतं की उजव्या हाताचा साचा घ्यायचा. बोटं वाकडी असली तर तो हात ब्राँझमध्ये ओतून दालनात ठेवायचा. सरळ असली तर नाव कायमचं रद्द.

"साचा एबन घेईल," ड्रुसिला म्हणाली. "तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं. त्याच्या हाताला तुमचा हात लागलेला मला खपणार नाही."

एबन कोट्स गावातले अंत्यविधी करायचा. तो खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तरी स्प्रॅगने विचारलं, "एबन, शपथेवर सांगशील ना?"

एबन प्लास्टरची पिशवी सोडत होता. त्याने मान वर केली नाही. "साचा खोटं बोलत नसतो, लायमन."

ड्रुसिलाने पाहुण्यासमोर कॉफी आणि पायचा तुकडा ठेवला. दुखवट्याच्या घरची बाई या गावात उघड्या हाताने कुणासमोर येत नाही. कॉफीसुद्धा ती काळे हातमोजे घालूनच ओतते. मग ऊन पाण्याची किटली घेऊन ती बैठकीच्या खोलीत गेली. भावापेक्षा वीतभर उंच असलेली ती बाई दारातून जाताना किंचित वाकली आणि तिने दार लावून घेतलं.

स्प्रॅगने पायला हात लावला नाही. एका संध्याकाळी कुंपणाजवळ उभं राहून त्याने अ‍ॅन्सेलच्या मनगटावर शिवण पाहिली होती, स्वतःच्या डोळ्यांनी. निदान इतकी वर्षं तो तसं म्हणत आला होता. आता हात वाकडा निघाला, तर आपण एका भल्या माणसाचं आयुष्य नासवलं असा त्याचा अर्थ होणार होता. त्याला स्वतःची भीती वाटू लागली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. ड्रुसिलाच्या बाहीला प्लास्टर लागलं होतं. एबनने साच्याचे दोन भाग टेबलावर ठेवले. आत हाताचा खोलगट ठसा होता. स्प्रॅगने त्यातून आपलं बोट फिरवलं. मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी अंगठ्याकडे वळलेलं. अंगठ्याच्या बुडाशी टेंगूळ. करंगळी आकडा झालेली.

"झालं समाधान?" ड्रुसिलाने विचारलं.

जाताना स्प्रॅग शवपेटीपाशी थांबला. अ‍ॅन्सेलच्या छातीवर घडी घातलेल्या हातांवर पांढरे मोजे होते. स्प्रॅगने टोपी काढली आणि लहान मुलासारखा रडला.

वसंतात दालन उघडलं. ब्राँझच्या हातावरचं कापड निघालं तेव्हा बँडवालेसुद्धा वाद्यं खाली ठेवून पुढे सरकले. स्प्रॅग स्वतःहून पुढे आला.

"मी या माणसाला लबाड म्हटलं," तो म्हणाला. "तीस वर्षं म्हणत राहिलो. लबाड मी होतो. माझी लेखणी मी आज खाली ठेवतोय."

जुने खेळाडू रांगेने येऊन त्या बोटांना हात लावू लागले. एक म्हातारा कॅचर तर त्यांच्यावर कपाळ टेकवून उभाच राहिला.

या गावात भांडण मिटवायचं तर मोजा काढून हात द्यायचा असतो. ड्रुसिला गर्दीतून स्प्रॅगसमोर आली.

"राग नाही ना राहिला?" त्याने विचारलं.

"तुमच्यावर? तुम्ही आपलं काम केलंत, मिस्टर स्प्रॅग. मी माझं."

त्याच्या डोळ्यांत बघत तिने उजव्या हाताचा मोजा काढला, हात थेट त्याच्या हातात दिला आणि वरून दुसरा, मोज्यातला हात ठेवला.

स्प्रॅगने तो घट्ट धरला. अंगठ्याच्या बुडाशी टेंगूळ होतं, करंगळी आकडा झालेली होती, आणि मधलं बोट दुसऱ्या पेरापाशी अंगठ्याकडे वळलेलं होतं.