मिस्टरांची सही

पेनाचं टोपण टक्कन लागलं. नवऱ्याने गर्भपाताचा फॉर्म सही न करताच माझ्याकडे सरकवला.

"दोन वाढतायत, त्यांच्यात तिसरंही वाढेल."

"धाकटा अजून अंगावर पितोय रे. माझ्यात त्राण नाही उरलं. आणि कायद्याने माझी एकटीची सही चालते."

"मग दवाखाना माझी कशाला मागतोय?"

काउंटरवरची बाई म्हणाली होती, "कायदा असू दे हो ताई, मिस्टरांची सही आणा."

तो उठून गेला. नुकतीच वाचायला लागलेली थोरली फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरांवरून बोट फिरवत होती.

"स्त्री-ची सं-म-ती पु-रे-शी आ-हे. आई, पुरेशी म्हणजे?"