मामंजींच्या देखत

“गॅस गेला का, सकवारक्का?” डॉक्टर अनुषानं सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं, आणि सकवारबाईंनी तिसऱ्यांदा चादर नाकापर्यंत ओढली.

उत्तर देणार तरी कसं? खाटेशेजारच्या स्टुलावर साक्षात सासरे बसले होते. उमाजीराव. वय चौऱ्याऐंशी, डोक्यावर काळी टोपी, दोन्ही हात काठीवर. चामराजपेटच्या त्या नर्सिंग होममध्ये पेशंटजवळ एकालाच बसू देत. नवरा दुकान उघडायला गेला, लेक ऑफिसला गेली, तेव्हा “घरातलं मोठं माणूस मी, मीच बसतो,” म्हणत म्हातारा आठ वाजता येऊन ठाण मांडून बसला. मायेनंच हो! पण मायेचीसुद्धा अडचण होते कधीकधी. तीस वर्षांत सकवारबाई ज्यांच्यासमोर खुर्चीला टेकल्या नव्हत्या, मोठ्यानं शिंकल्याही नव्हत्या, त्यांच्या देखत आता पाय लांब करून पडल्या होत्या. त्यात हा प्रश्न!

डॉक्टर खाटेच्या कडेला बसली.

“नीट ऐका. सहा वर्षांपूर्वी तुमची गर्भपिशवी काढली. पोट उघडलं की आतली जखम भरताना चिकट धागे धरतात. खळ लावलेली साडी ओलीच घडी करून ठेवली तर काय होतं?”

“चिकटते.”

“तशी तुमची आतडी चिकटली आणि वाट बंद झाली. परवा मी ती सोडवली. रक्त साचू दिलं नाही, आतडी कोरडी पडू दिली नाहीत, मध्ये पातळ पापुद्रासुद्धा ठेवलाय. तरी परत चिकटणारच नाहीत अशी हमी मी देणार नाही. माझ्या हातातलं मी केलं. आता आतडी जागी व्हायला हवीत. म्हणून म्हणते, चाला. गॅस गेला की समजायचं, वाट सुरू झाली. संध्याकाळपर्यंत नाही गेला तर पुन्हा नाकातून नळी. त्यानंही नाही भागलं तर...”

“पुन्हा उघडणार?”

“वेळ आली तर उघडावंच लागेल. पण दर वेळी उघडलं की नवे धागे. मला ते नकोय.”

“मला तर मुळीच नकोय,” सकवारबाई म्हणाल्या.

डॉक्टर गेली. खरी गोष्ट अशी, की दहा वाजल्यापासून पोटात गुरगुर चालली होती. दोनदा तर अगदी वेळ येऊन ठेपली होती, आणि दोन्ही वेळा सकवारबाईंनी दात आवळून ती परतवली होती. मामंजींना “जरा बाहेर जा” म्हणायचं? जीभ झडली असती. पण आता त्यांना स्वतःचाच राग आला. लाजेपायी काय पोट फाडून घ्यायचं तिसऱ्यांदा?

त्यांनी चादर बाजूला केली. पोटावर हात धरून, कुशीवर वळून, पाय खाली सोडले. टाके असे ओढले की डोळ्यांपुढं काजवे चमकले. तरी त्या उठल्या.

“मामंजी, मी चालून येते.”

“सरी, चल,” असा कानडी होकार देत म्हातारा काठी टेकून उभाच राहिला.

झाली का पंचाईत! यांच्यापासून सुटायला तर निघाल्या होत्या.

“तुम्ही बसा की स्वल्प.”

“बसून काय करू? पडलीस म्हणजे?” त्यांनी सलाइनचा दांडा धरला आणि चाकं ओढत पुढं झाले.

पहिली फेरी बोळकंडीच्या टोकाच्या खिडकीपर्यंत. खाली रिक्षांची टीं टीं चालली होती. दुसरी फेरी. प्रत्येक पावलाला टाके बोलत होते. पण सकवारबाई थांबेनात. तिसऱ्या फेरीला पोटात असा काही गडगडाट झाला की त्यांनी भिंत धरली. कपाळावर घाम, चेहरा लालबुंद.

“दुखतंय का गं?”

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं.

“मग काय होतंय? सांग की.”

सकवारबाईंनी जमिनीकडं बघितलं. मग एका दमात बोलून टाकलं, “मामंजी, डॉक्टरीण जे विचारते ना, ते तुमच्या देखत माझ्याच्यानं व्हायचं नाही. सकाळपासून धरून ठेवलंय. आणि मला परत पोट उघडून घ्यायचं नाही. घेणार नाही!”

तीस वर्षांत एवढं लांब वाक्य त्या सासऱ्यांशी बोलल्या नव्हत्या. सकवारबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग उमाजीरावांनी काठी काखेत धरली, कानातलं ऐकायचं मशीन काढलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

“याचा सेल गेलाय. आता कानाशी नगारा बडवलास तरी मला कळायचं नाही. चल तू.”

आणि तोंड समोर करून, सलाइनचा दांडा ओढत चालू लागले. सकवारबाई मागोमाग निघाल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. खिडकी चार हातांवर राहिली असेल.

तेवढ्यात झालं. चांगलं दणदणीत झालं. सकवारबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

मागं वळूनही न बघता उमाजीरावांनी काठी वर केली आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडले, “सिस्टर! डॉक्टरांना बोलवा! गेला, गेला! माझ्या कानांनी ऐकला!”