अठराशे वर्षांची सवत

जेवण उरकलं की नवरा भिंग घेऊन बसे आणि रोमच्या राणीचं चांदीचं नाणं न्याहाळत राही. पार्लर चालवणाऱ्या बायकोच्या अंगाचा तिळपापड होई. सवत, तीही अठराशे वर्षांची. दिवसभर लोकांच्या बायका नटवायच्या आणि घरच्याने ढुंकूनही बघू नये? एकदा तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याची नाण्यांची डबी उघडली, वरच्याच नाण्यावरचा अंबाडा पाहून घेतला आणि संध्याकाळी हुबेहूब तसाच बांधून त्याच्यासमोर बसली. त्याने मान वर केली. "जरा बाजूला वळ," म्हणत भिंग तिच्यावर रोखलं. तिचं काळीज सुपाएवढं झालं. "सुरेख जमलाय. पण हा थोरल्या राणीचा, डोक्यावरचा. माझी आवडती तिची लेक. ती मानेवर बांधते." तिने एकेक पिन काढून डबीशेजारी ठेवली, केस मोकळे सोडले. "आता ओळखा बघू, ही कोण?" त्याचा हात पुन्हा भिंगाकडे गेला.