आईच्या थडग्याची नळी

साकनिक राणी होऊन जग्वारच्या कातड्यावर बसली, तेव्हापासून तिला कुणी नावानं हाक मारली नव्हती. समोर येणारा प्रत्येक जण मान खाली घालूनच बोलायचा.

म्हणून ती रोज सकाळी मंदिरात आईपाशी यायची. आईही राणीच होती. आता फरशीखाली खोल थडग्यात निजली होती. थडग्यातून एक दगडी नळी वर फरशीपर्यंत आणलेली होती. साकनिक तिच्यात गरम, फेसाळ कोको ओतायची आणि तोंड लावून बोलायची.

"राणीसाहेब, सरदार ताटकळलेत," म्हातारी दाई इशतुन दारातून म्हणाली. "मेलेल्या माणसाशी किती बोलाल?"

"मग तू बोल. एकदा निक म्हण मला. लहानपणी म्हणायचीस ना?"

"तुम्हाला? जीभ झडेल माझी!" दाई लगबगीनं निघून गेली.

साकनिक नळीवर वाकली. "आई, तू तरी निक म्हण ना."

खालून काहीच आलं नाही. रोजच्यासारखंच.

मग तिच्या मानेवर एक गरम थेंब पडला. तिनं बोटानं पुसून चाखला. कोको होता.

तिनं वर पाहिलं. छताच्या दगडात नळीच्या तोंडाएवढं एक गोल भोक होतं. कालपर्यंत ते तिथं नव्हतं.

त्यातून तिचाच आवाज आला, "आई, तू तरी निक म्हण ना."